हाताला पाणी लागलं

भोक एवढं बारीक होतं की मला ते आधी दिसलंच नाही. नवरा जेवायच्या वेळी घरी आला, दारात चपला काढल्या आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट माझ्यापुढे धरलं. बोट जांभळं झालेलं. पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना दवाखान्यात लावतात ते जांभळं औषध कोणीतरी त्याला सढळ हातानं फासलं होतं. त्या जांभळ्यात, वरच्या पेराच्या आतल्या अंगाला, सुई टोचल्यासारखा एक ठिपका. रक्ताचा थेंब नाही, सूज नाही.

"काय झालं?"

"हाताला पाणी लागलं," तो म्हणाला आणि पाटावर बसला. "वाढ गो. भूक लागली."

मी वाढलं नाही. आमटीची पळी हातात तशीच राहिली. त्याच्या शेडमध्ये पाणी लागणं म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. ज्यानं ते औषध फासलं त्याला ते माहीत नव्हतं, हेही त्या जांभळ्या रंगाकडे बघूनच मला कळलं.

माझा स्वभाव मुळात उतावळा. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी हाय. एसटी यायच्या तासभर आधी मी स्टँडवर, दूध उतू जायच्या कितीतरी आधी मी गॅसपाशी, आणि कोणी गोष्ट सांगायला लागलं की 'पुढे काय' हे विचारणारी पहिली मी. आणि लग्न कोणाशी झालं? तर पोलादपुराच्या आत, उमरठच्या पलीकडच्या बौद्धवाडीतल्या अशा माणसाशी, की घराला आग लागली तरी हा आधी चहा संपवील, कप विसळील आणि मग विचारील की कुठल्या बाजूनं लागली. समोर मी त्याला अहो-जाहो करते, मनात अरे-तुरे. इथं मनातलंच लिहिते आहे.

आम्ही बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. मी सकाळची बालवाडी चालवायचे. तो एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये होता. आसपासच्या केमिकल कंपन्यांची कापाकापीची कामं तिथं व्हायची. पाइपांच्या जोडात बसवायच्या रबराच्या चकत्या, स्टीलच्या प्लेटा, असलं काहीबाही. आधी तो गॅस कटर चालवायचा. अंगावर ठिणग्या, सदऱ्याला भोकं, डोळे लाल. मग दोन हजार सालानंतर कधीतरी, मोबाइल अजून फक्त मालकाच्या खिशात असायचा त्या दिवसांत, शेडमालकानं कुठूनशी एक वापरलेली मशीन आणली.

"पाण्यानं कापते," नवरा घरी येऊन म्हणाला.

"काय कापते? साबण?"

"लोखंड."

"प्यायला लागलात काय?" मी म्हटलं. हे मी खरोखर विचारलं होतं. एमआयडीसीत चांगले चांगले लागलेले मी पाहिले होते.

मग एका रविवारी तो मला दाखवायलाच घेऊन गेला. मोठी हौदासारखी टाकी, तिच्यावर लोखंडी पट्ट्यांची जाळी, जाळीवर स्टीलची प्लेट आडवी घातलेली. वर एक चोचीसारखं तोंड. त्या तोंडाच्या आत मोहरीएवढा खडा असतो आणि त्या खड्याला केसाएवढं भोक, असं त्यानं सांगितलं. बाजूचा पंप पाण्याला इतका दाबतो की त्या केसाएवढ्या भोकातून बाहेर पडताना पाण्याचा पाणीपणाच संपतो. त्यात तांबूस, दाणेदार वाळू मिसळतात. गार्नेट म्हणतात तिला. त्यानं मला कानात कापूस घालायला लावला आणि मशीन चालू केली, तर तो आवाज कापसाला न जुमानता थेट दाढांत शिरला. चोच मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि मागे प्लेट दुभंगत होती. खाली टाकीतलं पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. मला ते बघवेना आणि तिथून हलवेना.

कापून झाल्यावर त्यानं तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हात लाव. कडेला लाव. जळलंय काय कुठं?"

जळलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा असा, की जणू ती मशीन त्याच्या घराण्यातली आहे.

त्यानंतर त्याच्या बढाईला ऊत आला. घरात वस्तू यायला लागल्या. रबराचा मासा, स्टीलची चांदणी, आणि एकदा ग्रॅनाइटच्या उरलेल्या तुकड्याचं पोळपाट. ते मला एकटीला उचलेना, म्हणून ते जन्मभर जमिनीवरच राहिलं. गावी गेलो की वाडीच्या समाजमंदिराच्या पायरीवर बसून तो मशीनच्या गोष्टी सांगायचा आणि म्हातारे त्याची टोपी उडवायचे. "पाणी लोखंड कापतं मंग पावसात तुमच्या कंपनीचं पत्रं कसं रं ऱ्हायलं?" एक जण म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. त्याला राग म्हणून येतच नाही, माझ्या वाट्याचा आणि त्याच्या वाट्याचा दोन्ही मीच करते.

पण एक गोष्ट त्यानं मला सांगितली होती, ती मी विसरले नव्हते. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं सगळ्यांना गोळा करून एक भोपळा आणवला होता. मशीनच्या बारीक नळीतून सुटलेली पाण्याची धार क्षणभर त्या भोपळ्याला दाखवली. बाहेरून बघावं तर टाचणी टोचल्याएवढा ठिपका. मग भोपळा चिरला, तर आत नुसता लगदा. "तुमच्या हाताचं असंच होईल," इंजिनिअर म्हणाला होता, "आणि तुम्हाला वाटेल काही झालं नाही." नवऱ्यानं ही गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मोठ्या अभिमानानं सांगितली होती, आपल्या बैलानं कोणाला कसं उडवलं ते सांगावं तशी.

तर तो पाटावर बसलेला, मी पळी घेऊन उभी, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो भोपळा.

"मशीनचं पाणी?" मी विचारलं.

"हा. जोडातनं सूं सूं आवाज येत होता. गळती कुठं हाय ती दिसंना."

"मग?"

"मंग काय. बोट फिरवलं."

मला एकदम त्याची वाडी आठवली. वाडीला पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून काळ्या पाइपनं येतं. अर्ध्या वाटेत कुठंतरी पाइपला चीर पडते, पाण्याचा जोर कमी होतो, मग कोणीतरी उठतो आणि पाइपवरून बोट फिरवत फिरवत झऱ्यापर्यंत चढतो. गळती डोळ्यांना दिसत नाही, गवतात लपते. बोटाला गार लागलं की समजायचं, हीच ती जागा. हे तो पाचव्या-सहाव्या वर्षापासून करत आलेला. भोपळा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता, पण सूं सूं ऐकल्यावर बोट आपोआप पुढे गेलं. त्या वाडीत वाढलेल्या कोणाचंही गेलं असतं.

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"जे झालं ते. हाताला पाणी लागलं."

"कुठलं पाणी ते सांगितलंत?"

"पाणी म्हंजे पाणी गो. त्याच्यात कुठलं काय?"

आमच्या भागात पाणी किती तऱ्हांनी लागतं ते बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. विहीर खणताना पाणी लागतं. परगावी गेलं की तिथलं पाणी लागतं आणि पोट बिघडतं. आणि लावणीच्या दिवसांत दिवसदिवसभर चिखलात राबून हातापायांची बोटं पांढरी पडतात, सोलवटतात, कुजल्यासारखी होतात, तेव्हाही सगळे म्हणतात, पाणी लागलं. त्या वेळी लावण्याच चालू होत्या. महाडच्या त्या डॉक्टरांच्या बाकावर सकाळपासून अशीच माणसं बसलेली असणार, हातपाय पसरून. त्यांच्यात हा पोलादपूरकडचा गडी जाऊन बसला, आणि नंबर आल्यावर बोट पुढे करून म्हणाला, हाताला पाणी लागलं. डॉक्टरांनी त्या दिवसात जितक्यांना जांभळं औषध लावलं होतं, त्यात आणखी एक.

मी गॅस बंद केला, पर्स उचलली. "उठा."

"आता कुठं?"

"महाडला. त्याच डॉक्टरांकडे."

"जेवून जाऊ."

मी त्याच्यासमोरचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं. भरल्या ताटावरून माणसाला उठवणं आमच्याकडे फार वाईट समजतात. तो माझ्याकडे बघतच राहिला. पण उठला.

रस्त्यावर आलो तर एक रिक्षा नाही. पाऊस एकसारखा पडत होता. सहा आसनी टमटम येते, भरलेली असते, निघून जाते. मी छत्री त्याच्या हाताच्या वर धरलेली, जशी काही पावसानं ते भोक आणखी मोठं होणार होतं. "दुखतंय?" मी विचारायचे. "नाय." परत थोड्या वेळानं, "दुखतंय?" "नाय गो. जड वाटतंय." जड हा शब्द मला दुखण्याहून वाईट वाटला. शेवटी एसटी आली, तीही प्रत्येक फाट्यावर थांबत, कंडक्टर प्रत्येकाशी पीकपाण्याच्या गप्पा मारत. मला वाटत होतं खाली उतरावं आणि गाडी मागून ढकलावी.

महाडला पोहोचलो तर दवाखाना बंद. दुपारचा बंदच असतो, चारला उघडतो, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मी दारावर इतकं बडवलं की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस बाहेर आला. डॉक्टर राहायला कुठं ते त्यानं सांगितलं, मी तिकडे धावले. त्यांच्या घरून कळलं की ते कोणाकडे तरी व्हिजिटला गेलेत आणि तिथूनच परस्पर दवाखान्यात येतील. मग थांबण्याशिवाय काय होतं? दुसऱ्या दोन दवाखान्यांना कुलपं होती. सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या सिस्टरनं बोट बघितलं, ठिपका बघितला, जांभळा रंग बघितला आणि म्हणाली, "अहो ताई, औषध लावलंय की यांना."

आम्ही चवदार तळ्याच्या काठाला जाऊन बसलो. तो बसला. मी फेऱ्या मारत होते. पाऊस जरा थांबला होता. समोर शाळेची पोरं तळ्याभोवती हुंदडत होती आणि माझा नवरा त्यांच्याकडे बघून हसत होता. मला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला.

"हसू कसं येतं तुम्हाला?"

"मंग रडू काय? एवढासा ठिपका हाय."

"बोट वाकवून दाखवा."

त्यानं वाकवलं. अर्धंच वाकलं. त्यानं परत वाकवून पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. त्यानंतर त्यानं पोरांकडे पाहिलं नाही. मी त्याच हाताच्या मनगटावरचं घड्याळ सोडवायला गेले, तर पट्ट्याची खूण कातडीत रुतलेली. म्हणजे मनगटसुद्धा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखाना उघडला तेव्हा मी रांग-बिंग काही बघितली नाही, सरळ आत घुसले. डॉक्टर वयस्क, सज्जन माणूस. अर्ध्या महाडाला त्यांनी लहानाचं मोठं केलंय. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेड, पंप, केसाएवढं भोक, लोखंड कापणारं पाणी, भोपळा. ते ऐकता ऐकता त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर अंगठ्यानं दाबलं. नवरा पहिल्यांदा कळवळला.

"हे सकाळी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं की, साहेब."

"पाणी लागलं म्हणालात तुम्ही."

"मंग तेच लागलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेरच्या बाकावर कोणाचं तरी पोर रडत होतं. "मी असला पेशंट आयुष्यात बघितलेला नाही," ते म्हणाले. "बाहेरून काही नाही आणि आत सगळं भरतंय. इथं कोणाच्या हातातलं काम नाही हे. मुंबईला न्या. आत्ता. उद्या नको." त्यांनी स्वतः फोन लावून एका हॉस्पिटलात कोणाला तरी सांगितलं, एक इंजेक्शन दिलं, आणि आम्ही निघालो तेव्हा पायरीपर्यंत आले. "बोटाची भीती आहे," ते मला हळूच म्हणाले. "बोटावर थांबलं तर नशीब."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ओरडवेना. ज्यानं पाणी लागलं म्हटलं तो माझाच नवरा, आणि ज्यांनी लावणीचं पाणी समजून औषध लावलं ते आमचेच डॉक्टर. दोघांनी एकच भाषा बोलून घात केला होता. राग काढायचा कोणावर?

एसटी स्टँडबाहेर आमच्या घरमालकांची, चाचांची, ट्रॅक्स जीप उभी होती. चाचा गल्फमधून परत आल्यावर महाड-बिरवाडी फेऱ्या मारायचे. गाडी भरलेली होती, निघायच्या बेतात. मी खिडकीतून त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे किती कळलं देव जाणे, मी इतकी भरभर बोलत होते. चाचांनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मागे वळले आणि म्हणाले, "उतरा सगळी. गाडी मुंबैला चालली."

माणसं कुरकुरली. एक बाई म्हणाली, "आमी काय चालत जाव?" मग नवरा गाडीत चढायला लागला आणि त्याला दांडी धरता येईना. ते पाहून सगळी निमूट उतरली. त्या बाईनं तर बाजूनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला वर चढवलं.

मुंबई-गोवा रस्ता त्या काळी कसा होता, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढे ट्रक, मागे ट्रक, खड्ड्यात पाणी, पाण्याखाली किती खड्डा ते देवाला माहीत. मी मागच्या सीटवर नवऱ्याचा हात उशीवर उंच धरून बसलेले. माझी नजर त्या बोटावरून रस्त्यावर, रस्त्यावरून परत बोटावर.

"चाचा, ओव्हरटेक करा ना."

"बाय, मी गाडी पलवीन. रस्ता कोन पलवील?"

माणगावच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं पंक्चर. तर असरची वेळ झालेली. गाडीतून त्यांनी चटई काढली आणि एका बंद दुकानाच्या वळचणीला नमाजाला उभे राहिले. मी चिडून दार उघडलं, पाय खाली टाकला, परत वर घेतला. काय बोलणार? तिकडे ते वाकत होते, इकडे माझ्या मांडीवरचा हात तापत होता. परत आले तेव्हा गाडी चालू करता करता म्हणाले, "लवकर उरकला. तुज्या घोवाचा बोट मागून घेतला." मला रडूच कोसळलं. रागानं की कशानं ते मला आजही सांगता येणार नाही.

वाटेत नवऱ्याला झोप लागली, ती मला सहन होईना. मी त्याला दर थोड्या वेळानं उठवायचे. "बोट हलवा." तो डोळे न उघडता हलवायचा. पेणच्या आसपास मी म्हटलं, "हलवा," आणि तो म्हणाला, "हलवतोय की." बोट जागचं हललं नव्हतं. चाचांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी जोरात सोडली.

हॉस्पिटलात पोहोचल्याबरोबर त्याला आत घेतलं. बोटापासून मनगटाच्या वरपर्यंत हात उघडला, धुतला, आणि तसाच उघडा ठेवून वर बँडेज गुंडाळलं. सकाळी सर्जनबाई भेटल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी माझ्याच तळव्यावर पेनाचं टोपण फिरवून मला दाखवलं की पाणी बोटातून शिरलं आणि जिथं जिथं आत फट मिळाली तिथून पुढे घुसत गेलं. "मनगट, तळवा, बाकीची बोटं, आमच्या मते वाचतील," त्या म्हणाल्या. "ते बोट बघू. त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. दोन दिवस बघू."

"सकाळीच इथं आलो असतो तर?"

"नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्यांना सांगता येत होतं.

दोन दिवस बघणं म्हणजे काय असतं? बँडेजातून त्या बोटाचं टोक तेवढं बाहेर होतं. मी ते बघत बसायचे. जांभळं औषध त्यांनी पुसून काढलेलं, पहिल्या दिवशी ते टोक पांढरं होतं, मग फिकट निळं, मग मला वाटायचं उजेड कमी आहे म्हणून काळं दिसतंय. मी पडदा सरकवायचे. सिस्टर येऊन परत लावायची. मी खाली जायचे, चहा न पिताच वर यायचे. व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की फरशी पुसणारी बाई म्हणाली, "एका जाग्यावर बसा की हो, माझी लादी वाळेना." मी बसले आणि लगेच उठले. शेडमालक येऊन गेला, सफरचंदं ठेवून गेला. मी नमस्कारसुद्धा केला नाही.

नवरा मात्र पडून होता, शांत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला मशीन समजावून सांगत होता. केसाएवढं भोक, मोहरीएवढा खडा, तांबूस वाळू. "कड जळत नाय," तो त्याला सांगत होता. "हात लावून बघायचं, एकदम गुळगुळीत." मला वाटलं जाऊन त्याचं तोंड दाबावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जनबाई आल्या. त्यांनी त्याला मान दुसरीकडे वळवायला सांगितली आणि त्या बोटाला सुई टोचली. "टोचतंय?" त्यांनी विचारलं. "कधी टोचताय?" तो म्हणाला. त्यांनी परत टोचली, जरा खोल. तो भिंतीकडे बघत वाट बघत राहिला. मी सुई आत जाताना पाहत होते.

त्यांनी त्याला सगळं सरळ सांगितलं. बोट मेलंय. ठेवलं तर विष वर चढेल आणि मग हात काढावा लागेल. काढलं तर हात राहील. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला विचारा. ती घाईची हाय. ती बराबर सांगंल." आणि कूस बदलली.

बाई मला व्हरांड्यात घेऊन आल्या. "आज सकाळीच करायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमचं काय म्हणणं?"

तीन दिवस मी एकेका माणसाच्या मागे घाई लावत आले होते. ताटावरून उठवला, डॉक्टरांची रांग मोडली, भरलेली गाडी रिकामी करवली, नमाज पढणाऱ्या माणसावर चिडले. लवकर करा, चला, उठा, पळवा. आणि आता कोणीतरी पहिल्यांदा मला म्हणत होतं की लवकर करूया.

"जरा थांबा," मी म्हटलं.

बाई थांबल्या. खरंच थांबल्या, घड्याळाकडे न बघता. मी खिडकीतून खाली बघत राहिले. खाली ॲम्ब्युलन्स मागे घेत होते आणि एक जण हातानं खुणा करत होता, ये, ये, अजून ये. हा माणूस उद्या स्क्रू कसा धरणार, घास कसा घेणार, त्या मशीनपुढे कसा उभा राहणार, हे एकामागून एक येत होतं आणि त्यातल्या कशालाच उत्तर नव्हतं. आणखी थांबून उत्तर येणार नव्हतं, हेही कळत होतं. तरी मला आणखी थोडा वेळ हवा होता. नुसता हवा होता.

"कापा," मी म्हटलं.

आत गेले तर तो उताणा पडून छताकडे बघत होता. शेजारच्या पेशंटनं कूस पलीकडे वळवली, बिचाऱ्यानं ऐकलं असणार.

"काय सांगितलंस?"

"कापा म्हटलं."

"बरं केलंस." मग बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लय वंगाळ वाटतंय गो." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, असं तो पहिल्यांदा म्हणत होता. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि उजवा हात बांधलेला, डाव्याला सलाइन, म्हणून त्याला ते पुसता येत नव्हतं. मी पदरानं पुसलं.

"एकदा धर," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी खाटेच्या त्या बाजूला गेले, स्टूल ओढलं आणि बँडेजाबाहेर आलेलं ते काळं टोक माझ्या मुठीत धरलं. ते कडक होतं, वाळलेल्या शेंगेसारखं.

"कळतंय का?" मी विचारलं.

"कळतंय की," तो म्हणाला.

वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन येईपर्यंत मी तशीच बसून होते.